ओइकावांची सून

२९ जुलै

रोजनिशी लिहायची म्हणे! हे आधी सांगितलं असतं तर मी इथे आलेच नसते. कामावर ठेवताना संग्रहालयाचे नुकुई साहेब गोड बोलले: दोन मुली महिनाभर प्रशिक्षणाला येतील, त्यांचं जेवणखाण बघायचं, त्या नियम पाळतात का ते बघायचं, झाडलोट करायची. लिहिण्याचं नावही काढलं नव्हतं. आणि आज हातात वही ठेवली. मुलींना रोज लिहावं लागतं, तेव्हा त्यांच्यावर देखरेख करणारीनंही लिहायचं, नियम आहे, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मी शाळेत कमी आणि मासळीच्या कारखान्यात जास्त वाढले. माकुळं साफ करायला सांगा, डोळे मिटून करीन. तर हसले आणि पेन्सिल दिली.

असो. एवढं सोडलं तर जागा झकास आहे. पोरंच उरली नाहीत म्हणून गावची शाळा बंद पडली, तिचं हे संग्रहालय केलंय. माझी खोली मागच्या अंगाला. खिडकी उघडली की सफरचंदांच्या बागा थेट डोंगरापर्यंत. शेजारणीनं ओळखदेख नसताना टोमॅटो आणि काकड्या आणून दिल्या. हातांना मासळीचा वास नाही, पाय बर्फात नाहीत. थंड सोबा शेवया खाल्ल्या आणि पंख्याखाली लोळले. हात्सुए, म्हटलं, मजा आहे बाई तुझी.

३१ जुलै

मुली आल्या. फुयुको तोक्योची, नाक उन्हानं सोललेलं, सारखी खिदळते. मिसाओ याच भागातली, डोंगरापलीकडच्या गावची, मोजकं बोलते.

नियम भिंतीवर लावलेत. घड्याळ नको, अंगठी नको, नखांना रंग नको. वस्तू उचलायची ती खाली बसून, दोन्ही हातांनी. शाई नाही, फक्त पेन्सिल. आणि जिच्याकडे जी वस्तू सोपवली तिनं आपलं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून ती वस्तूला दोऱ्यानं बांधायची, प्रशिक्षण संपेपर्यंत काढायची नाही. फुटलं-तुटलं तर कोणाला धरायचं ते कळतं. हा नियम मला पसंत आहे. कारखान्यातही पेटी कोणी भरली त्याचं नाव वर असायचं.

फुयुकोला नखं पुसायला लावली तर तोंड वाकडं केलंन. काकू, आधी तुरुंगात नोकरीला होता का, म्हणे. मी म्हटलं, होते, आणि तुझ्यासारख्या बऱ्याच सरळ करून सोडल्या. मग दोघी हसल्या. मिसाओसुद्धा.

२ ऑगस्ट

आज डोकं तापलं.

डोंगरावरच्या देवळाचा पुजारी वारला, मागे कोणी नाही, म्हणून देऊळ बंद झालं आणि तिथल्या नवऱ्या इथे आल्या. एकेका काचेच्या पेटीत लग्नाच्या पांढऱ्या किमोनोतली बाहुली आणि शेजारी एकेका पोराचा फोटो. ही पोरं लग्नाआधीच मेलेली. तिकडे वर एकटी राहू नयेत म्हणून इकडचे आईबाप त्यांची लग्नं बाहुलीशी लावतात. आमच्या किनाऱ्यावर असलं काही नाही. पेटीत बिअरचे डबे, सिगारेटी, एकीत तर बेसबॉलचा हातमोजा.

बाकी सगळ्या पेट्यांवर नवरीचं नाव होतं. फुयुकोच्या वाट्याला आलेलीवर नव्हतं. फोटोत ओइकावांचा त्सुनेओ, मोटारसायकलला टेकून सगळे दात दाखवत हसतोय. माजलेला दिसतो.

फुयुको चिठ्ठी बांधायला निघाली तर मिसाओनं तिचा हात धरला. नवरीच्या बाहुलीवर जिवंत मुलीचं नाव कोणी घालत नाही, म्हणाली. गावात कोणाचंच नसेल असं नाव शोधतात. नाहीतर मेलेला नवरा बाहुली सोडतो आणि त्या मुलीलाच नेतो. फुयुको हसली, पण चिठ्ठी हातात तशीच. नुकुई साहेब म्हणाले, एका वस्तूसाठी नियम बदलला तर बाकीच्यांचं काय? चिठ्ठी नाही तर प्रशिक्षण पुरं झाल्याचा शिक्का नाही. शिक्का नाही तर तिचं वर्ष फुकट.

भात शिजत ठेवलेला, आणि यांचं हे चाललेलं. मी चिठ्ठी हिसकावली आणि बाहुलीच्या मनगटाला बांधली, आमची माकुळांच्या पिशवीला मारायची पक्की गाठ. म्हटलं, झालं! मेलं का कोणी?

५ ऑगस्ट

फुयुकोचं नाक बरं झालं. सोललेली कातडी गेली, रंग असा उजळलाय की मी म्हटलं, इथलं पाणी मानवलं गं तुला. नुसती हसली. बोलणंही कमी झालंय. बरंच आहे, कानांना आराम.

पेट्या पुसल्या. तिच्या बाहुलीच्या मानेवर लाल गांधी उठलीय, डास चावल्यावर उठते तशी. पेटी बंद, डास शिरणार कुठून? साहेबांना दाखवलं. रंग उडाला असेल, म्हणाले. रंग उडाल्यावर फुगतो का?

काल फुयुकोच्या मानेला तिथंच डास चावला होता, मी मलम लावलं होतं. आज तिची मान बघितली. कोरी.

८ ऑगस्ट

बोनचा सण जवळ आला, मेलेले घरी येणार, म्हणून त्सुनेओची आई आली. ओइकावाबाई. कमरेत वाकलेली, पण डोळे सुरीसारखे. दुरडीत लाल घेवड्याचा भात. मंगल कार्याला करतात तो.

पेटीपाशी गेली, भिंग काढलंन, चिठ्ठीवरचं नाव वाचलंन. मग फुयुकोसमोर जमिनीवर बसली आणि कपाळ टेकवलंन. आमच्या त्सुनेओला सांभाळून घ्या हं सूनबाई, म्हणाली. हेकट आहे, पण मनानं वाईट नाही.

मी मध्ये पडले. अहो बाई, ही संग्रहालयाची चिठ्ठी आहे, तुमच्या घरची पत्रिका नाही! ती माझ्याकडे वळली, आणि घडीचा पंखा आणि सुकवलेला कोंबू, समुद्रातलं शेवाळ, माझ्या हातात ठेवलान. लग्नातल्या मध्यस्थाला देतात तसा. पुजारी नाव द्यायचं द्यायचं म्हणत गेला, म्हणाली, माझा पोरगा बिननावाच्या बायकोबरोबर इतकी वर्षं थांबला. गाठ कोणी बांधली ते पोरीनं सांगितलंय मला. सोयरीक जमवणारीला आम्ही विसरत नसतो.

कोणत्या पोरीनं? फुयुको तर तोंडही उघडत नव्हती.

पंखा मी तिच्या मागे फेकला. फुयुकोनं मात्र तो सगळा भात खाल्ला. मिसाओ त्याला शिवली नाही.

१० ऑगस्ट

साहेबांकडे गेले, चिठ्ठी काढा म्हटलं. प्रशिक्षण संपल्यावर काढू, म्हणाले. मी म्हटलं, मुलगी बघा तरी! जेवायच्या काड्या तिच्या हातात राहत नाहीत, चार बोटं एकमेकांना चिकटून सरळ राहिलीत, मी चमच्यानं भरवते. साहेब म्हणाले, शहरातल्या मुलींना उन्हाळा बाधतो.

कात्री घेतली आणि दोरा कापला. चिठ्ठी चुलीत घातली. जळताना पाहिली.

दुपारी बाहुलीच्या मनगटाला चिठ्ठी होती. गाठ माझी. ती गाठ माझ्याशिवाय इथे कोणाला येत नाही.

बाहुलीचं नाक सोलायला लागलंय.

११ ऑगस्ट

तिच्या आईला तोक्योला फोन लावला. मुलगी मजेत आहे, म्हणाली, कालच बोलली, खूप हसत होती. फक्त आवाज लांबून येत होता, काचेमागून यावा तसा.

काल फुयुको दिवसभर माझ्यासमोर होती. फोनला हात लावला नाही तिनं. लावताच आला नसता.

१२ ऑगस्ट

मिसाओचा बाप येऊन तिला घेऊन गेला. जाताना मला म्हणाली, काकू, तिला सोळा तारखेच्या आत इथून काढा. त्या दिवशी निरोपाचा जाळ पेटतो, आलेले परत जातात.

तेच केलं. फुयुकोला हाताला धरून सकाळच्या बसमध्ये बसवलं. बस वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. परत आले तर ही पेटीसमोर बसलेली. गुडघे जोडून. बूट पायात तसेच.

परतीच्या फेरीचा ड्रायव्हर म्हणाला, तुमची पाहुणी बागांपाशी उतरली की, नवऱ्याबरोबर. मी विचारलं, कोण नवरा? तर म्हणाला, तो हसरा, हातात हेल्मेट होतं तो.

१३ ऑगस्ट

साहेब सणाला गावी गेले. संग्रहालय बंद. सतरा तारखेला भेटू, म्हणाले. पोरीला माझ्या गळ्यात टाकून! भित्रा मेला. पेटीकडे एकदाही बघितलं नाही त्यानं. माहीत आहे त्याला.

ओइकावाबाईंनी भर दुपारी दारात स्वागताचा जाळ केला. इथून धूर दिसला. मग मोटारसायकलचा आवाज, शाळेच्या पटांगणात, गोल गोल. बाहेर धावले. कोणी नाही. मातीत तेलाचे ताजे थेंब.

आत फुयुको म्हणाली, हो. कोणाला? मी काही विचारलं नव्हतं.

पापणी हलत नाही तिची. आणि बाहुलीच्या कपाळावर घाम.

१४ ऑगस्ट

ओइकावांच्या घरी गेले. जोडे न काढता आत घुसले. घुसायचंच होतं.

नवीन गादी घातलेली. सपातांचे दोन जोड. बाई चहा ओतत बसलेल्या. मी ओरडले, म्हातारे, पोरगी जिवंत आहे! लोकाची आहे! तिनं कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, अजून आहे.

अजून, म्हणे.

हात उगारला होता मी. तिनं मान पुढे केलीन. मारा, म्हणाली, मी एवढी वर्षं मेलेल्या पोराचे कपडे उन्हात घालतेय, मला काय लागतंय. मग म्हणाली, सोयरीक तुम्ही जमवलीत. मोडायची तर मध्यस्थानंच मोडायची असते. मला काय विचारता, त्याला विचारा.

१५ ऑगस्ट

सकाळी उचललं फुयुकोला. एका हातानं. पोकळ — आत काहीच नाही, सावरीच्या उशीसारखी —

आणि पेटीतून काचेवर नखं. बारीक. मला हाक मारली. काकू. तोच खिदळणारा आवाज, पण रडणारा. काकू, बाहेर काढा.

पेटीचं दार उघडत नाही, काच फुटत नाही. हातोडा घेतला. कुदळ घेतली. चरा पडत नाही.

दुपार. त्सुनेओ, हे तुला लिहितेय. वाच नीट. मी मध्यस्थ, म्हणून मीच सांगते, हे लग्न मोडलं. मुलीला कोणी विचारलं नव्हतं. तिनं होकार दिला नव्हता. मी गाठ मारली, माझ्या माजात मारली, तिची नाही ती गाठ.

नाव हवंय ना तुला? माझ्या नावाची चिठ्ठी लिहिली तेव्हा पेटीचं दार हात जाईल एवढंच उघडलं, बांधलीय बाहुलीच्या दुसऱ्या मनगटाला. हात्सुए. जिवंत आहे, कोणाची नाही. वयानं तुझी आई शोभेन, स्वयंपाक बरा करते, तोंड फाटकं आहे. तिथं वर एक दिवस तुला सुखानं हसू देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मंजूर असेल तर घे. नसेल तर एकटा जा.

फोटोत आता नुसती मोटारसायकल —

बोटं जड झालीत. पेन्सिल मुठीत धरलीय. पण ती — पापणी हलली तिची. आत्ता. हलली. का मलाच —

उद्या सोळा. जाळ पेटायच्या आत उत्तर हवंय मला. तिला सोडलंस की नाही, एवढंच. आईच्या आडून नको, पोरीच्या तोंडून नको. पटांगणात हॉर्न कसले वाजवतोस? पुरुषासारखा आत ये, बूट बाहेर काढ, समोर बस, आणि मला सरळ सांग, तिला —