या घराचा भाग नाही

अप्पा,

मंगळवारी सकाळी माझ्या टीव्हीनं मला घराबाहेर काढलं. तुम्ही गेलात तेव्हा सांगलीच्या घरात फक्त रेडिओ होता, म्हणून आधी समजावून सांगते. हल्ली महिन्याची वर्गणी भरली की सिनेमे, मालिका घरबसल्या हव्या तेव्हा बघता येतात. वर्गणी माझा मुलगा, तुमचा नातू, सिंगापुरात भरायचा आणि त्याच खात्यावर मी इथे साताऱ्यात बघायची. तर मंगळवारी पडद्यावर अक्षरं उमटली: हा टीव्ही या खात्याच्या घराचा भाग नाही. मराठी शुद्ध होतं, त्यामुळे जास्तच लागलं.

माझ्याकडे कामाला येणारी बाई शेजारी बसली होती. भांड्यांना हात लावण्याआधी आम्ही दोघी रोज एक कोरियन मालिका बघतो. "काय म्हंतंय वो ते?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. "आवं, पोराच्या घरात आई न्हाई व्हय? लय शाना लागून गेलाय टीव्ही," म्हणाली आणि उठली. तिला त्या मालिकेतल्या सासूचं पुढे काय होणार याची काळजी होती. मला नव्हती. खरं सांगायचं तर मी मालिकांसाठी टीव्ही लावतच नव्हते.

पडदा उघडला की वर एक रांग दिसते, अर्धवट सोडलेल्या कार्यक्रमांची. मुलगा काय बघत होता, कुठे थांबला, सगळं त्यात कळतं. फोनवर तो चार वाक्यं बोलतो: बरा आहे, काम आहे, जेवलो, ठेवतो. रांग जास्त बोलायची. नूडल्सच्या दुकानांवरचा एक जपानी कार्यक्रम तो दर वेळी दहा-बारा मिनिटांत सोडायचा, म्हणजे एकट्यानं जेवताना लावलेला. मध्येच नातीचं सशाचं कार्टून असायचं. मागच्या वर्षी ते कार्टून हलेना. एकाच जागी पंधरा दिवस. मग मीच विचारलं, "पोरगी कुठे आहे रे?" तेव्हा त्यानं सांगितलं की सून मुलीला घेऊन वेगळी राहायला गेली. "पण तुला कसं कळलं, आई?" "आईला कळतं," मी ऐटीत म्हटलं. आईला कप्पाळ कळतं!

मंगळवारी त्याला फोन करून चांगलंच खडसावलं. तो हसला. "आई, तो नियम आमच्याच टीमनं आणला." त्याच कंपनीत तो आहे आणि त्याचं कामच ते, आशियात गिऱ्हाईक वाढवायचं. थायलंडला भुताच्या गोष्टी, इंडोनेशियात फोनवर बघायची स्वस्त वर्गणी, आपल्याकडे कोरियन मालिकांना हिंदी आवाज. "एका खात्यावर चार-चार घरं बघतात. ती सुटी केली की तेवढे ग्राहक वाढतात." "मग मी सुटी झाले म्हणायची," मी म्हटलं. "अगं, घर म्हणजे एका छताखालचे लोक. कुठेतरी रेघ मारावी लागते." याच कामाबद्दल त्याला बढती मिळाली तेव्हा मी सगळ्या आळीत कंदी पेढे वाटले होते.

तुम्हीही रेघ मारली होतीत. लग्नाला आठ दिवस होत नाहीत तोच तहसील कचेरीत जाऊन रेशनकार्डावरचं माझं नाव कमी करून घेतलंत, आणि त्याचा दाखला घेऊन एसटीनं साताऱ्याला हजर! नखं हळदीनं पिवळी, हळदबाजारातल्या अडतीवरच्या वजनकाट्यावरून उठून थेट आलेले. मी म्हटलं, "एवढी घाई झाली होती मला काढायची?" तुम्हाला माझा राग कळलाच नाही. "तिकडं नाव ठिवून काय करू? हितल्या कार्डावर साखर मिळाया नगं का तुला?" मी दाखला घेतला आणि पाणीसुद्धा न विचारता आत गेले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला खूप शिकवलं. बापाशी कसं बोलावं ते शिकवायचं त्यांच्याकडून राहिलं.

आता मुलानं मला माझं स्वतःचं खातं घेऊन दिलंय, सगळ्यात भारी. उघडलं की ते विचारतं, आपल्याला काय आवडतं? वर ती रांग नाही. काल रविवारी त्याचा फोन आला. "चाललंय ना गं नीट?" "उत्तम," मी म्हटलं. "काही हवंय?" हवं ते ओठापर्यंत आलं होतं. पण ती रांग मागितली असती तर तो काय बघतो हे लपवायला शिकला असता, किंवा मला दिसावं म्हणून त्यानं आनंदाचं काहीतरी लावून ठेवलं असतं. "काही नको," म्हटलं. तो म्हणाला, "ठेवतो."

फोन ठेवला आणि तुमची आठवण झाली. तुम्हीही न कळवता यायचात, गुळाची ढेप घेऊन. अर्धा तास बसायचात आणि सगळं न्याहाळायचात, दोरीवरचे कपडे, चुलीवरचं भांडं. मला राग यायचा. एकदा उंबऱ्याकडे बघून म्हणालात, "जावयांच्या चपला दिसत न्हाईत?" हे चार दिवसांपासून रुसून घर सोडून गेलेले होते. मी ताडकन म्हटलं, "अप्पा, इथून पुढे पत्र टाकून येत जा. सासूबाईंना असं अचानक आलेलं चालत नाही." "व्हय, बरोबर हाय," तुम्ही म्हणालात आणि पिशवी घडी करून काखेत घेतलीत. त्यानंतर दर वेळी आधी पोस्टकार्ड यायचं, आणि तुम्ही यायच्या आत मी घर आवरून, हसून तयार असायचे. तुम्हाला पुन्हा काही दिसलं नाही.

सासूबाई तसं कधीच बोलल्या नव्हत्या, अप्पा.