दुसऱ्या होडीत दादा

४ ऑगस्ट १९५२, खडकी
मालतीवहिनीला तिच्या शाळेतल्या देवधरमास्तरांनी लग्नाचं विचारलं. सरळ. हातावरचा खडू झटकत.
"मग तू काय म्हणालीस?"
"काय म्हणणार? हे गेले असं मला कुणी सांगितलंय का, कुसुम?"
खरंच आहे. दादाची मालाची बोट लढाईत बुडाली त्याला दहा वर्षं झाली. कंपनीची तार आली, बेपत्ता. तेवढंच. वहिनी कुंकू लावते. नवखं कुणी भेटलं की आई सांगते, "मुलगा बोटीवर असतो."

६ ऑगस्ट
आईच्या कानावर अजून घातलेलं नाही. मास्तर भले आहेत. पण वहिनी गेली तर दादाचं या घरात उरणार काय? मी आणि आई, एकमेकींची तोंडं... जाऊ दे.

११ ऑगस्ट
ऑफिसच्या कँटीनला नवे आचारी आलेत, दाऊदभाई. रत्नागिरीकडचे. माझं आडनाव ऐकून थबकले.
"बाय, तुमच्यातले कोण बोटीवर होते काय? आठवलेसाहेब, इंजिनातले?"
"माझा दादा," मी म्हटलं. दादाच्याच बोटीवर स्वयंपाकाला होते. रविवारी घरी या म्हटलं.

१७ ऑगस्ट, रवि.
दाऊदभाई आले. आईनं स्वतः चहा दिला. मग सांगू लागले.
"टॉर्पेडो लागला तो दिवस कलताना. साहेब खालून वर आलेले, मी बघितलं ना. दुसऱ्या होडीत बसले. मला हात केला. मग वारा सुटला. उजाडलं तेव्हा पाण्यावर आमची एकच होडी."
आई म्हणाली, "अंगात मी विणलेला स्वेटर होता का?"
"होता. भिजलेला."
"म्हणजे बोटीबरोबर बुडाला नाही तो!" आईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. दाऊदभाई खाली बघत राहिले.
 वहिनी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली, काहीतरी विचारलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

१८ ऑगस्ट
वहिनीनं आपणहून सांगितलं. "त्या होडीतलं कुणी नंतर भेटलं का, एवढंच विचारलं."
मग म्हणाली, "इतकी वर्षं मला हे खाली इंजिनात कोंडलेले दिसायचे गं. आता वर, उघड्यावर दिसतात. त्यातल्या त्यात बरं."
 दोघी भाजी निवडत बसलो.

२४ ऑगस्ट, रवि.
वहिनीनंच आईला मास्तरांचं सांगितलं. मी आत कणीक मळत होते, हात थांबला. आईनं विचारलं,
"माणूस कसा आहे?"
"शांत आहेत."
"शांत म्हणजे घुमे?"
वहिनी हसली. आतून मीही.
मग आई म्हणाली, "तू हो म्हण. तो आला, तर मी सांगेन त्याला. चिडू दे माझ्यावर."
वहिनी उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

२६ ऑगस्ट
वहिनीनं अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळी आईनंच डबा हातात देताना विचारलं. "शाळा सुटल्यावर बोलते," म्हणाली.
शाळा सुटून बराच वेळ झाला. आई दारात उभी आहे. कुणाची वाट बघतेस, असं विचारणार होते. नाही विचारलं.