पहिल्याच फटक्यात मंजूर

३ जून
लागले एकदाची कामाला! सिनेमात माणूस जळतो, विरघळतो, हवेत विरतो ना, ते सगळं इथे बसून करायचं. खिडकीजवळची जागा, संगणकाचे दोन मोठे पडदे, चहाही बरा. इथल्या मुख्य कलाकाराला सगळे मामा म्हणतात. त्यांनी पहिलाच नियम सांगितला: इफेक्ट करून बघायचा तो कोपऱ्यातल्या रबरी पुतळ्यावर, घरच्या माणसावर कधीच नाही. पुतळ्याचं नाव रावसाहेब! नियम का, ते विचारलं तर मामा चष्मा पुसत बसले.

६ जून
पहिलं काम: शापाने माणसाची राख होते. कण केवढे, वारा कुठला, सुरुवात कुठून, यावर दिवसभर खल. मी म्हटलं, आधी कान, म्हणजे त्याला हाका ऐकू येणार नाहीत, मग डोळे. मामांनी पाठ थोपटली. अंगावर मूठभर मांस चढलं.

११ जून
रावसाहेबांची राख दिग्दर्शकांना पटेना. म्हणे, जीव नाही. मग काल धाकट्या बहिणीला गच्चीत उभं केलं, चहूबाजूंनी चाळीस फोटो काढले आणि तिचं शरीर संगणकात चढवलं. ती म्हणाली, ताई, राख जरा बारीक कर हं, मी जाड नाहीये. मामांना काही बोलले नाही. तिच्या शरीरावर केलेला, कान जळण्याच्या दृश्याचा तुकडा पहिल्याच फटक्यात मंजूर!

१२ जून
धाकटीला सकाळपासून ऐकू येत नाही. डॉक्टरांना कानात दोष सापडत नाही. तिच्या उशीवर करडी धूळ होती. मी झटकून टाकली.

१४ जून
मी दवाखान्यात, म्हणून डोळ्यांचा तुकडा मामांनीच दाखवला. मंजूर. धाकटीला दिसत नाही. चाचपडत मला शोधते.
मामांना सगळं सांगितलं. म्हणाले, त्यांच्या बायकोचंही असंच— तुकडा पुसून उपयोग नाही. संगणकात धाकटीच्या जागी दुसऱ्या जिवंत माणसाचं शरीर घालायचं, एवढाच उपाय. बायकोच्या वेळी मला तो धीर झाला नाही, म्हणाले.

१५ जून
माझे चाळीस फोटो काढले, धाकटीच्या जागी मलाच चढवलं. असं करू नकोस म्हणून मामांनी विनवण्या केल्या. एका शाबासकीसाठी मी माझ्याच बहिणीला— मूर्ख, मूर्ख.

१७ जून
धाकटीला दिसतंय! ऐकूही येतंय. काहीतरी ओरडते आहे. ओठ हलताना दिसतात फक्त.

१८ जून
डोळे गेले. ओळी एकावर एक चढत असतील. आता पाय, मग छाती, हात सर्वांत शेवटी, आराखड्यात तसंच आहे. तोवर लिहून घेते. धाकटे, तुझा काही दोष नाही, तू—
थांब. धाकटी माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते आहे. मामांचा फोन. दिग्दर्शक खूश. एकच बदल. हात शेवटी नकोत, आत्ताच आधी हा