क्लच दाबल्यावरच येणारा आवाज

भंडारा, दि. २९ मार्च १९८२

तीर्थरूप मामांना रुखमाचा नमस्कार.

इकडे सारे ठीक आहे. आईचा गुडघा मागच्या पत्रात होता तिथेच आहे. जबलपूरला तुमची दाढ काढून झाली असेल. नसेल, तर हे पत्र दाढ काढल्यावर वाचावे.

तुमच्या सांगण्यावरून पवनीला कृष्णरावांकडे दोन रविवार जाऊन आले. पहिला रविवार मुलगी पाहण्याचा, असे आईला वाटत होते आणि गाडी पाहण्याचा, असे मला. (मला कोणी पाहिलेच नाही. सगळे गाडीकडे पाहत होते.) गाडी विलायती, दोन सीटांची, वीस वर्षे धानाच्या कोठारात पडलेली. कृष्णरावांनी मुलाच्या, म्हणजे टेकचंदच्या, वरातीसाठी ती पुन्हा उभी केली आहे. रंग उत्तम, चामडे उत्तम, आवाज असा की अंगणातली गाय दावे तोडते. माझ्याआधी निदाने झालीच होती. कृष्णरावांच्या बहिणीच्या, बेबीबाईंच्या, मते दृष्ट, स्वतः कृष्णरावांच्या मते, "नव्या पेट्रोलची सवय नाही ना बाई तिले, म्हणून बोंबलून राहिली", आणि ज्यांनी गाडी दुरुस्त केली त्या मंगरू मिस्त्रींच्या मते, "विलायती आहे, तिची भाषा बोलून राहिली. आपल्याले कायले समजन?"

मी गाडीखाली शिरले (साडी आईने निवडली होती, तिच्या अवस्थेबद्दल तिलाच विचारावे), तुम्ही शिकवल्याप्रमाणे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्लचच्या कवचाला आणि मूठ कानाला लावली, आणि टेकचंदला पेडलवर बसवले. दाबा म्हटले की आवाज, सोडा म्हटले की शांत. म्हणजे दोष रिलीज बेअरिंगचा. पेडल दाबल्यावरच ते फिरत्या प्लेटला टेकते. हे तीन वेळांतच कळले होते. तरी चाळीस वेळा करून पाहिले. टेकचंदने चाळीसही वेळा सांगितले तेवढेच केले, मध्ये एकदाही मत दिले नाही. (ही नोंद केवळ चाचणी अचूक झाली हे कळावे म्हणून.)

काल दुसऱ्या रविवारी सीटा काढून गिअरबॉक्स बाहेर घेतला. बेअरिंगच्या जागी या गाडीत कार्बनची काळी कडी असते. निघाली ती लखलखीत पितळेची. मंगरू मिस्त्री अभिमानाने म्हणाले, "बाई, आतून कोळसा निघाला होता, कोळसा! म्या फेकला अन् भंडाऱ्याहून अस्सल पितळेची करून आनली." ती केली लग्नाची भांडी घडवणाऱ्या श्रावणजींनी, एकवीस गडव्यांच्या लॉटमध्येच, आणि लॉटमधल्या प्रत्येक नगावर नावे आणि तारीख घालायची, ही त्यांची पद्धत. त्यामुळे कडीच्या नेमक्या घासणाऱ्या बाजूवर कोरले होते: चि. टेकचंद व चि. सौ. कां. रुखमा. पंधरा दिवस मात्रा, उकार आणि अनुस्वार पोलादावर घासत होते. पवनीभर जे किंचाळत होते ते माझे नाव होते, आणि मी अजून होकार दिला नव्हता.

हे कोणी ठरवले, मी शांतपणे विचारले. कृष्णरावांनी गडवे सांगण्याआधी आलेले तुमचे पत्र आणून दाखवले: "मुलगी तयार आहे." मामा, त्याआधीचे वाक्य क्लचबद्दलचे होते. तयार म्हणजे तरबेज, हे तुम्हाला माहीत, मला माहीत. एकवीस गडव्यांना माहीत नव्हते. कृष्णरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे नाही म्हणता काय, बाई?" बेबीबाईंनी त्यांना सुनावले, "पोरीले इचारलं कोनं? गाडीलेच इचारत बसले!" मी सांगितले, आवाज बंद झाल्याशिवाय उत्तर देणार नाही. तेव्हा टेकचंद पहिल्यांदा आपणहून बोलला: "नाव घासून काढता येते. काढू काय?"

मी म्हटले, आत्ता नको.

यापुढे स्थळ आणि क्लच यांबद्दल एकाच पत्रात लिहू नये, ही विनंती. मामींना नमस्कार.

तुमची
रुखमा

ता. क. जबलपूरच्या जुन्या बाजारात कार्बनची कडी मिळेल. बाहेरचा व्यास ६२ मि.मी., आतला ४४. पितळ नको. मजकूर नको.

दुसरा ता. क. गिअरबॉक्स बसवायला एक रविवार, कडी नीट बसायला दुसरा. कडीवरची लग्नाची तारीख झिजली आहे, पण गडव्यांवर ९ मे स्पष्ट वाचता येते. म्हणून कडी २० एप्रिलच्या आत पोचावी.

तिसरा ता. क. पितळी कडी टेकचंदने आठवण म्हणून मागितली होती. एकच असल्यामुळे दिली नाही.