पात्यांचा बाण

स्लीपर क्रीक, मोंटाना
११ जुलै

चि. व्हर्लिन यास,

ताईचे आशीर्वाद. तू, कोरिन आणि पोरी सुखरूप आहात असं धरून चालते. इथे सगळं ठीक. गवताची पहिली कापणी उरकली. शेड गळत होती, ती शेजारच्या मार्लिसच्या नवऱ्यानं नीट करून दिली. कुत्रीनं पुन्हा साळिंदराच्या अंगाला तोंड घातलं, काटे पकडीनं ओढून काढावे लागले. एवढी म्हातारी झाली तरी अक्कल आली नाही. आता तू म्हणशील, मालकिणीवर गेलीय. म्हण.

तुझे फोन येतात ते मला दिसतात. उचलत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू गप्प बसतोस. त्यापेक्षा पत्र बरं. अक्षराला नावं ठेवू नकोस, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितेय.

लिहायचं कारण म्हणजे धनुष्य. यंदा त्यानं माझा जीव खाल्लाय. सरावाची साधी टोकं लावली की बाण बऱ्यापैकी एका जागी बसतात. शिकारीची तीन धारांची पाती लावली की झालं. तेच धनुष्य, तेच बाण, वजनही तेच, आणि बाण भलतीकडे. पहिल्या दिवशी उजवीकडे गेले, म्हणून बाण टेकतो ते टेकण केसभर डावीकडे सरकवलं. तुझ्यासारखी नेमाची पिन सरकवत बसले नाही. (आठवतं ना? त्या वर्षी तू पिन सरकवून पाती जागेवर आणलीस आणि साधी टोकं शेजाऱ्यांच्या कुंपणात घातलीस. बाबा दिवसभर बोलले नव्हते तुझ्याशी.) दुसऱ्या दिवशी एक बाण डावीकडे, एक खाली. मग चौकटीला कागद ताणून त्यातून बाण मारले. भोक स्वच्छ पडलं तर बाण सरळ सुटतोय, आडवं फाटलं तर वाकडा. एकदा स्वच्छ पडलं, एकदा टरकन फाटलं. दोरी बदलली. बाणांच्या खाचा फिरवून पाहिल्या. डेल्मरच्या दुकानातून जास्त ताठ बाण आणले, तो म्हणाला त्यांची गरज नाही, तरी आणले.

सगळे बाण एकाच बाजूला जात असते तर प्रश्नच नव्हता, धनुष्यात खोट आहे असं म्हणून दुरुस्त केलं असतं. पण ते असो.

सप्टेंबर लागला की मोसम उघडतो. तोवर पाती आणि साधं टोक एका जागी बसलं नाही तर मी डोंगरावर जाणार नाही. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. साधं टोक आपली चूक पोटात घालतं. पातं घालत नाही, ते वाऱ्यावर पंखासारखं धरतं आणि बाण सुटताना जरा वाकडा असला की त्याला आपल्या वाटेनं नेतं. मग एल्क हरीण पोटात बाण घेऊन दोन डोंगर पलीकडे जातं आणि तिथे तीन दिवस मरत राहतं. ते मला करायचं नाही. आणि घरीही बसायचं नाही, व्हर्लिन. वर्षभर मी त्या दोन आठवड्यांसाठी जगते, हे तुला वेगळं सांगायला नको.

तर टेकणाबद्दल तुला काही सुचतंय का ते कळव. मीच तुला शिकवलेलं तुलाच विचारतेय, याचं हसू येत असेल तर कोरिनसमोर हसून घे, मला कळवू नकोस.

तुझी,
आर्डिसताई


स्लीपर क्रीक
६ ऑगस्ट

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र आलं. टेकणाबद्दल दीड पान लिहिलंस, आणि तब्येत कशी आहे असं शेवटी एका ओळीत विचारलंस. तू लहानपणापासून असाच. जे विचारायचं ते शेवटी, दारातून बाहेर पडता पडता.

हे अक्षर माझं नाही, मार्लिसचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय. मधेच कुठे डाग दिसला तर तिची कॉफी सांडली असं समज.

तू लिहिलंस तसं सगळं पुन्हा केलं. टेकण मधोमध आणलं, धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं एका वेळी फिरतात का ते पाहिलं, दोन्ही दोऱ्यांची लांबी मोजली. कुठेही काहीही चुकलेलं नव्हतं. तरी पाती चारी दिशांना. शेवटचा बाण नेमाच्या ठोकळ्यावरून गवतात गेला. तो शोधत मी गुडघ्यांवर बसले होते तेव्हा मार्लिस अंडी द्यायला आली. तिची उंची माझ्याएवढी, हातही तेवढेच लांब. मी म्हटलं, तू ओढून बघ गं जरा.

तिनं तीन साधी टोकं मारली, तीन पाती मारली. मी पुढे जाऊन पाहिलं. सहाही बाणांवर माझा एक पंजा पसरून बसला. मी ते उपटेपर्यंत ती तिथेच मागे उभी होती. मग म्हणाली, "धनुष्याला काही झालेलं नाही, आर्डिस."

एवढंच. अंड्यांची टोपली उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ठेवली. (ती म्हणतेय हे लिहू नको. मी म्हणते, लिही.)

उन्हाळाभर मी एका निर्दोष धनुष्याला शिव्या घालत होते. डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच सांगितलं होतं, कंपवात आहे. औषध चालू आहे, चहाचा कप धरता येतो, गाडी चालवता येते. मी तिला विचारलं, बाण मारता येईल का? ती म्हणाली, मारून पाहा. ती बाई शहरातली, तिला काय ठाऊक पात्यांचं. मी मनाशी म्हटलं, साधी टोकं बसतायत ना, मग काही नाही. ज्या फसवणुकीवर बाबा तोंडसुख घ्यायचे, तीच मी स्वतःशी केली.

आता दुसरं. हे तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मनात ठेवून तुझ्याशी बोलता येत नाही, हे वर्षभरात कळलं.

गेल्या ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, नेहमीप्रमाणे, सगळ्यांनी आपापला एकच बाण मारला. सराव नाही, हात मोकळे करणं नाही, पाती लावलेला पहिला बाण, समोर कागदी ताटली. ताटली चुकली तर त्या वर्षी धनुष्य घरी, तळावर चूल सांभाळायची. पळवाट नाही. बाबा स्वतः एका वर्षी चुकले आणि दोन आठवडे बीन्स शिजवत बसले. माझा बाण सुटला तेव्हाच तो चुकल्याचं मला हातात कळलं होतं. तू सगळ्यांच्या आधी पळालास. ताटली हातात नाचवत आलास, म्हणालास, "काठाला लागलाय, ताईचा काठाला लागलाय!" पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मी ती ताटली पाहिली, व्हर्लिन. भोक गोल होतं. तीन पात्यांचं टोक कागदात गोल भोक पाडत नाही, तीन फाट्यांचं तिकाटणं कापतं. तू खिशातल्या साध्या टोकानं भोसकलं होतंस. इतकी वर्षं शिकार करून तुला तेवढं सुचू नये! घाईत होतास, मला कळतं. पण मी तिथे एक शब्द बोलले नाही. ताटली घडी करून शेकोटीत टाकली, कारण मला जायचं होतं रे. सगळ्या बाजूंनी खोटं होतं आणि मला तरी जायचं होतं.

आणि गेले. वरच्या पाणवठ्यापाशी तू माझ्या मागे झाडांत बसून एल्कची हाक दिलीस आणि एक नर आला. पूर्ण आडवा उभा राहिला, दगड टाकला तर लागेल एवढ्या अंतरावर. मी धनुष्य ओढलं. पिन त्याच्या खांद्यामागून पोटावर, पोटावरून गवतात, परत खांद्यावर. मी ओढून धरलं, जमेल तितकं, आणि मग हळूच सैल सोडलं. तो वास घेत निघून गेला. तुला मी सांगितलं की वारा फिरला. वारा फिरला नव्हता. तू वारा न तपासताच मान डोलावलीस, म्हणजे तुलाही ते कळलं होतं, आणि तेही तू पोटात घातलंस. उतरताना माझी पिशवी मागून न विचारता घेतलीस. त्या पिशवीचा मला इतका राग आला की वर्षभर तुझा फोन उचलला नाही. तू माझी कीव केलीस. तू, ज्याला मी पहिला बाण हातात दिला.

आता राग उरलेला नाही. थोडा आहे. पण मार्लिसचे सहा बाण पाहिल्यावर मला कळलं की तुला हे माझ्याआधी दिसलं होतं, आणि ते मला कसं सांगावं हे तुला समजलं नाही. मलाही समजलं नसतं. तुझा हात थरथरला असता तर मी काय केलं असतं? कदाचित भोक पाडलं असतं. पण मी ते तिकाटण्यासारखं पाडलं असतं.

तर ऐक. काल मी धनुष्य डेल्मरकडे नेलं आणि चाकाचा तुकडा बदलून त्याच्या दोरीची ओढ तुझ्या हाताच्या लांबीची करून घेतली. डेल्मरनं दोनदा विचारलं, नक्की ना? परत येताना शेडमध्ये एकदा ओढून पाहिलं. माझा हात संपला तरी दोरी शेवटपर्यंत येत नाही. मी तिथे थोडी रडले. मग जेवले.

कोरिनकडून कळतं की तू घरामागे अजून रोज बाण मारतोस, बाबांच्या त्या जुन्या धनुष्यातून. मग डोंगरावर कधी बाण का मारला नाहीस? कारण दोघांपैकी एकानं मागे बसून हाक द्यायची असते, आणि पुढची जागा मी कधी सोडली नाही. तू मागितलीही नाहीस. मी एकदाही विचारलं नाही.

या आठवड्यात ये. धनुष्य तुझ्या हाताला नव्यानं लावून घ्यावं लागेल, पुन्हा कागद, पुन्हा टेकण, आधी साधी टोकं, मग पाती. मी खुर्ची टाकून बसेन आणि तू पिनला हात लावलास तर ओरडेन. शेवटच्या रविवारी ताटलीवर तू मारशील. बाण आणायला मी जाईन, आणि असेल ते सगळ्यांसमोर सांगेन. चुकलास तर दोघं मिळून चूल सांभाळू.

नाही चुकलास तर मला वर घेऊन चल. चढावर मी हळू चालते, आता थांबावंही लागेल. पण हाक काढायची तोंडातली पिपाणी धरायला हात लागत नाहीत, आणि माझी हाक ऐकून काल पलीकडच्या उतारावरून एका नरानं उत्तर दिलं, मोसमाआधीच, ऑगस्टमध्ये, मार्लिस साक्षीला आहे. हो म्हणायचं असेल तर म्हण. पण माझी दया येऊन म्हणू नकोस. तसं असेल तर येऊच नकोस, मी समजेन.

पुढच्या वर्षी मला तिथवर चढता येईल की नाही, ठाऊक नाही. म्हणून यंदा.

तुझ्या मागे बसून हाक देणारी,
आर्डिसताई