परेशचं निदान आणि लघवीचा खरा रिपोर्ट

दुबई, १७ जुलै २००९

ती. गुणवंतभाऊ यांस, तुमच्या बहिणीचा नवरा बाबाजी याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इथे सर्व खुशाल, असं लिहिणार होतो. पण आपल्या वाडीतल्या परेशने, जो इथे माझ्याच खोलीत राहतो, माझी खुशाली गावभर आधीच कळवलेली दिसते. म्हणून सविस्तर लिहितो.

मंदीमुळे सिलिकॉन ओएसिसच्या आमच्या टॉवरवर चारपैकी दोनच क्रेन चालू राहिल्या आणि ऑपरेटर उरलो तिघे. फोरमन कमरुद्दीन (माणूस वाईट नाही, त्याच्याकडेही वरून कमी करायच्या माणसांची यादी मागतात) म्हणाला, जो कमी वेळा खाली दिसेल तो राहील. आता लघवीला क्रेनच्या केबिनमधून उतरून परत शिडी चढायची म्हणजे पाऊण तास. (बाटलीत करतात म्हणे. मला नाही जमलं, केबिन काचेची.) म्हणून मी पाणीच बंद केलं. सकाळी कपभर चहा, की खलास, थेट संध्याकाळ. बाहेर पंचेचाळीस डिग्री, लघवी हळदीसारखी, तरी मी खूश, कारण नोकरी शाबूत.

तीन आठवड्यांनी जळजळ सुरू झाली. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटे आणि गेल्यावर चमचाभर. खोलीत आठ माणसं, गुपित राहणार कुठे? परेशने निदान केलं की बाबाजी शुक्रवारच्या सुट्टीत नको तिथे जाऊन आला. मी रास अल खोरच्या मार्केटात कांदे आणायला गेलो होतो. पिशवी दाखवली, तर म्हणाला, पिशवी कोणीही आणतो. त्याने माझा पेला वेगळा ठेवला. पुढे थंडी वाजून ताप आला, कमरेत कळा येऊ लागल्या, तेव्हा कमरुद्दीननेच क्लिनिकात नेलं.

डॉक्टर मरियमबी हैदराबादच्या, साठीच्या. लघवीत पू निघाला. मी मान खाली घालून सांगितलं की मी कुठेही गेलो नाही.

त्या म्हणाल्या, "बेटा, ये कहीं जाने से नहीं, न जाने से हुआ है."

मग कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्याच आतड्यातले जंतू मूत्रमार्गात शिरतात, एरवी लघवीबरोबर धुऊन जातात. पाणी कमी प्यायलं, तासन्‌तास धरून ठेवलं, की ते मूत्राशयात बस्तान बसवतात आणि वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. पुरुषांना हे क्वचित होतं, बायकांना फार, कारण त्यांचा मार्ग आखूड. बरं वाटलं तरी गोळ्या चौदा दिवस पूर्ण घ्यायच्या. घेतल्या, बरा आहे. कमरुद्दीन आता दुपारी स्वतः हाक मारून खाली उतरवतो. वरच्यांच्या शेवटच्या यादीत माझं नाव आहे की नाही, ते त्यालाही माहीत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा.

तुमचा,
बाबाजी

ता.क. तुमची बहीण कावेरी नऊ दिवस माझा फोन उचलत नाही. सोबत रिपोर्ट आहे, तो तिला वाचून दाखवा. इंग्रजी आहे, पण मास्तरांकडे नेऊ नका, तुम्हीच अक्षर लावून वाचा.

ता.क. दुसरा. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणी धरून ठेवतं का? आमच्या घरामागे संडास नाही, कावेरी अंधार पडेपर्यंत थांबते. दोन वर्षं जळजळ होते म्हणतेय आणि मी इथून दर फोनला कोकम पी म्हणून सांगतोय. भाऊ, तिला उद्याच तालुक्याच्या डॉक्टरकडे न्या. येताना गवंड्याला भेटा. माझा रिपोर्ट नंतर वाचलात तरी चालेल.