हात मांडीखाली

वाल्गा, ३ सप्टेंबर

ती. स्व. लेइडाआत्यास,
मायरेचा सा. न. वि. वि.

मुरंब्याची बरणी न फुटता पोचली. निम्मी संपलीसुद्धा. परवा शाळा सुरू झाली. गेली अठरा वर्षं एक सप्टेंबरला मी फुलांनी दोन्ही हात भरून घरी येत होते. यंदाही आदल्या दिवशी सवयीने फुलांसाठी तीन बादल्या घासून ठेवल्या, आणि परवा सभागृहाच्या कोपऱ्यात प्रोजेक्टरची वायर धरून उभी राहिले. माझी मुलं, पहिलीपासून तीन वर्षं मी शिकवलेली, आता चौथीत गेली. ती नव्या बाईंच्या मागून ओळीने गेली. लिस्बेत ॲस्टरचा गुच्छ घेऊन माझ्यापाशी थबकली, मग पुढे पाहिलं आणि लाजून पळाली. तिची काही चूक नाही. फुलं वर्गाच्या बाईंना द्यायची असतात, आणि मला आता वर्ग नाही.

साथीत शाळा बंद होत्या तेव्हा मी सगळ्या शिक्षकांना घरून शिकवायचं तंत्र समजावून दिलं, तेच अंगाशी आलं. नवं काम देऊ केलं आणि मी हो म्हटलं. आता हुद्दा मोठा आहे, शाळेची तंत्रमार्गदर्शक. खोली मात्र पूर्वी शिवणयंत्रं ठेवायची ती. दिवसभर दार उघडं ठेवते. कुणी आलंच, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून येतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की चौथीच्या बाई तात्पुरत्या आहेत, तेव्हा ऑक्टोबरच्या सुट्टीआधी काय ते सांग. परत जायचं तर वर्ग तुझा, नाहीतर तो त्यांना कायमचा देऊन टाकू. आत्या, मी काय करू?

गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो पत्रातून कळवत जा.
तुझी मायरे

क्याइना, हीउमा बेट, ११ सप्टेंबर

चि. मायरेस,
आत्याचे अ. उ. आ.

तंत्रमार्गदर्शकबाई, तुम्ही कागदावर पत्रं लिहिता हे तुमच्या शाळेला ठाऊक आहे का? तू दिलेला टॅब्लेट टॉवेलांच्या कप्प्यात सुखरूप आहे. त्याची काळजी नको.

चाळीस वर्षं मी पोरींना विणकाम शिकवलं. मला कुणी वर्गाबाहेर काढलं असतं तर मी शाळेच्या दारातच सुया घेऊन बसले असते. तू आपण होऊन बाहेर आलीस, तर आपण होऊन आत जा. त्यात लाज कसली? लोक चार दिवस बोलतील आणि मग बटाटे काढायला लागतील.

माझे बटाटे शेजारच्या आर्वोने काढून दिले. तुझे काका गेल्यापासून तो न सांगता येतो, काम करतो आणि कॉफी न घेता जातो. एखादा कप घेतला असता, तर घरात दोन कप विसळायला पडले असते.

उत्तराला उशीर करू नकोस, पोस्टमन माझ्यावर हसतो.
तुझी आत्या

वाल्गा, ८ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून वाईट गोष्ट घडली आहे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पाच तारखेला शिक्षक दिन झाला. दरवर्षीसारखी बारावीची मुलं शिक्षक झाली आणि शिक्षक विद्यार्थी होऊन बाकांवर बसले. प्रत्येकाच्या बाकावर नावाची चिठ्ठी होती. माझी नव्हती. मुलांनी यादी वर्गांवरून केली होती, मुद्दाम कुणी काही केलं नाही. मी खोलीत येऊन बसले आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकत राहिले. डबाही तिथेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हेल्युबाईंनी बोलावलं. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, गणित शिकवतात. टॅब्लेटवर आलेख काढायचा धडा त्यांनी रविवारभर बसून तयार केला होता. मला फक्त शेजारी उभं राहायचं होतं. त्या एका ठिकाणी अडल्या, मुलं चुळबुळायला लागली, आणि मी करते म्हणत मी पुढे झाले. मग थांबलेच नाही. अख्खा तास मीच घेतला. मुलं हसत होती, हात वर करत होती, आणि आत्या, मी इतकी सुखात होते! घंटा झाल्यावर मागे पाहिलं, तर हेल्युबाई शेवटच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, छान झाला हो तास, आता मला कायमची सुट्टी द्यायला सांग. तेव्हापासून बोलत नाहीत.

मी भुकेली होते म्हणून दुसऱ्या बाईच्या ताटातलं खाल्लं. मी परत वर्गात जाते, म्हणजे निदान कुणाचं काही हिसकावणार नाही. दहा-बारा दिवसांत सांगायचं आहे.

रागाव, पण लिही.
मायरे

क्याइना, १२ ऑक्टोबर

चि. मायरेस,
अ. उ. आ.

रागावू कशी? एक गोष्ट तुला पस्तीस वर्षं सांगितली नाही, ती सांगते.

शाळेच्या प्रदर्शनासाठी एका मुलीने हातमोजे विणले होते. अंगठा तिला जमेना. रोज उसवायची, रोज रडायची. मला बघवेना, म्हणून एक दिवस ती घरी गेल्यावर मी तो उसवला आणि स्वतः विणून ठेवला. तिला पहिलं बक्षीस मिळालं. तिला कळलं होतं. बक्षीस घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यानंतर सुई कधी हातात धरली नाही. ती मुलगी तू.

पुढच्या वर्षापासून मी मुलींशेजारी बसले की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. हात मुंगळे चावल्यासारखे वळवळायचे. तुला वाटतं मला ते आवडायचं? नुसतं शिकवणं त्याच्या निम्मंही अवघड नाही.

परत जा, राहा, तुझं तू ठरव. पण त्याआधी हेल्युबाईंकडे जाऊन हात मांडीखाली घे.
आत्या

वाल्गा, १९ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मला कळलं होतं. तुला कळलं होतं की मला कळलं होतं, हे मात्र तुझ्या पत्राने कळलं. माझा राग केव्हाच गेला आहे.

दालचिनीचा पाव घेऊन हेल्युबाईंच्या घरी गेले. त्यांनी पाव घेतला, आत बोलावलं नाही. दारातूनच म्हणाल्या, गुरुवारी तिसरा तास, मागचा बाक, आणि तोंड बंद. मी गेले. त्या पुन्हा तिथेच अडल्या. मुलं चुळबुळली. माझे हात मांडीखाली सुन्न झाले. किती वेळ गेला कोण जाणे, हेल्युबाईंनी एक चुकीचं बटण दाबलं, दुसरं दाबलं, आणि पडद्यावर आलेख आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या लाल झाल्या आणि पुढचं गणित सांगायला लागल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. तास संपल्यावर त्या मुलांशी बोलत बाहेर पडल्या आणि सवयीने दिवा घालवून गेल्या. पडद्यावर दिसावं म्हणून खिडक्या झाकलेल्याच होत्या, मी अंधारात बाकावर बसलेली. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. काम मात्र झालं होतं.

आज मुख्याध्यापिकांना सांगितलं, की मी राहते. चौथी त्या नव्या बाईंना दिली. जिन्यात लिस्बेत भेटली, सुट्टीत काय करणार ते पळता पळता सांगून गेली. घरी येऊन खूप रडले. बादल्या माळ्यावर टाकल्या.

तुझ्याखेरीज सांगायला कुणी नाही, म्हणून एवढं लांबवलं.
मायरे

क्याइना, २६ ऑक्टोबर

चि. मायरेस,
अ. उ. आ.

बादल्या खाली आण, सफरचंदं ठेवायला होतील. मी पेटीभर पाठवते आहे.

पेटीत वर लोकरीचा हातमोजा आहे, एकच. उजवा. अंगठ्याची जागा सोडली आहे, टाके सुईवर तसेच आहेत. नाताळच्या सुट्टीत फेरीबोटीने ये आणि तो विण. चुकलीस तर उसव, पुन्हा विण. मी शेजारी बसेन, हात मांडीखाली घेऊन. तोपर्यंत अंगठा गारठला तर गारठू दे.

दोन कप काढून ठेवते.
तुझी आत्या